एकाच फांदीतले मुंगळे

परवा इंजेक्शनआधी नर्सने दंडावर स्पिरिट चोळलं आणि त्या वासाने मी कर्वेनगरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत पोचले. वठलेल्या फांदीतले सुतार मुंगळे मी स्पिरिटच्या दोन बाटल्यांत वेगळे भरले होते, मोठ्या डोक्यांचे आणि लहान डोक्यांचे. यादीत दोन अनोळखी जाती लिहिल्या होत्या. माझा प्रकल्प त्यांच्यावरच उभा होता.

प्राणिशास्त्राच्या बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. “अहो, हे एकाच घरातले. दादा उंच, ताई बुटकी, म्हणून आडनावं दोन लावता का?”

माझे कान तापले. दोन्ही नोंदी खोडायला मी पेन उचललं.

“एकच खोडा. हा कोण, ते मलाही ओळखता येत नाही. शोधा.”

तेव्हा मला फक्त ‘खोडा’ ऐकू आलं होतं. आज कळतं, इतक्या जाणत्या बाईंनी तो बिननावाचा मुंगळा विश्वासाने माझ्या हाती सोपवला होता.