उतरायचं आलं की सांगा

ऑकलंडमध्ये ज्याला गाडी चालवता येत नाही त्याची गणना लहान मुलांत होते, नाहीतर सामानात. पुण्यात मी नोकरीभर स्वतःच्या मोपेडवरून हिंडले. शाळेत, बँकेत, नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्यात, आणि कुणाला 'जाऊ का' म्हणून कधी विचारलं नाही. नवरा गेल्यावर लेकाने मला माउंट रॉस्किलला आणलं आणि दारात दोन गाड्या उभ्या असून मी घरात अडकले. एक गाडी सकाळी लेकाबरोबर ऑफिसला जायची, दुसरी सुनेबरोबर. शनिवार-रविवार नातीच्या पोहण्यात आणि सामान आणण्यात जायचे. मला कुठे जायचं असलं की लेक म्हणायचा, "बघू." तो वाईट नव्हता, दमलेला असायचा. पण त्या 'बघू'ने माझं डोकं फिरायचं.

माझी इथली मैत्रीण मला अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात भेटली. तिथे सामोआ-टोंगाकडच्या बायका अळूची पानं विकतात. त्या त्याला टारो म्हणतात, पण पान तेच. एकाच जुडीवर आम्हा दोघींचा हात पडला. ती म्हणाली, "घ्या तुम्हीच, पण खाजरं निघालं तर मला बोल लावू नका." साताऱ्याची, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच लेकाच्या घरी आलेली. तिचा लेक पापाकुराला राहायचा, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मग तो बाजार हीच आमची भेटायची जागा झाली. दोघींचे मुलगे पार्किंगमध्ये फोन बघत थांबायचे तेवढ्या वेळात आम्ही आठवड्याभराचं बोलून घ्यायचो. तिच्या घरी तळण केलं की धुराचा भोंगा वाजायचा, म्हणून तिची सून कढई ठेवू द्यायची नाही. तेव्हा अळूवड्या मी करायच्या आणि तिने खायच्या, असं ठरून गेलं. या देशात मला अगं-तुगं करणारी ती एकटीच होती.

विजेच्या नव्या ट्रेन नुकत्याच सुरू झाल्या होत्या त्या वर्षी तिच्या लेकाला पर्थला नोकरी लागली. तिकडे जागा लहान, म्हणून तिने साताऱ्याला परत जावं, असं घरात ठरलं. साताऱ्यातलं घर कधीच विकलं होतं. भाच्याने एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. फोनवर हे सगळं तिने कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं सांगितलं.

"आता कुठली गं आपली भेट," ती म्हणाली.

"मी येते. वड्या घेऊन येते," मी म्हटलं.

लेकाला सांगितलं. तो म्हणाला, शनिवारी बघू. शनिवारी नातीची पोहण्याची स्पर्धा निघाली आणि रविवारी सुनेच्या ऑफिसातले लोक जेवायला आले. सोमवारी दुपारी ती विमानतळावर जायला निघणार होती. मी रविवारी संध्याकाळी नातीला सहज विचारावं तसा रस्ता विचारला. "इझी, आजी," ती म्हणाली. आधी बसने टाउन, म्हणजे शहराचा मध्य, मग ट्रेनने पापाकुरा, मग स्टेशनवरून दुसरी बस. बस-ट्रेनचं कार्ड लावायचं कुठे तेही तिने दाखवलं. सोमवारी सगळे बाहेर पडल्यावर मी वड्या तळल्या, डबा भरला आणि निघाले.

पहिली बस माझ्यासमोरून सरळ निघून गेली. इथे हात केल्याशिवाय बस थांबत नाही, आणि मी स्टॉपवर शहाण्यासारखी उभी होते. पुढची बस बऱ्याच वेळाने आली. ट्रेनचं दारही आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं, ते एका कॉलेजच्या मुलीने दाखवलं. पण एकदा खिडकीशी बसल्यावर मला फार आनंद झाला. कुणाच्या मागच्या सीटवर नव्हते मी. मांडीवर डबा होता आणि मी माझ्या मनाने मैत्रिणीकडे निघाले होते.

पापाकुराच्या बसचा ड्रायव्हर फिजीचा निघाला, हिंदी बोलणारा. मला हायसं वाटलं. मी त्याला स्टॉपचं नाव सांगितलं आणि म्हटलं, उतरायचं आलं की सांगा. "हम बताय देगा, आंटी," तो म्हणाला. मी निवांत बसले. जन्मभर अशीच तर बसले होते. कंडक्टरच्या कानावर घालून ठेवायचं आणि बिनघोर बसायचं. तो विसरला तर शेजारची बाई आठवण करते.

दोन-तीन स्टॉप गेल्यावर दुकानांपाशी बस थांबली. ड्रायव्हर आपली पिशवी घेऊन उतरला आणि काळा चष्मा लावलेली एक बाई त्याच्या जागी बसली. तिने सीट पुढे घेतली, आरसा वळवला. माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. मला वाटलं, जाताना त्याने तिला सांगितलं असणार, मागे एक म्हातारी बसलीय म्हणून. मैत्रिणीचं घर मी एकदाच पाहिलं होतं, तेही लेकाच्या गाडीतून. बाहेर सगळी घरं एकसारखी, लाकडी फळ्यांची, पुढे हिरवळ आणि कचऱ्याचा डबा. बसमधल्या दोघातिघांच्या कानात गाणी ऐकायची यंत्रं होती. बस वळत राहिली आणि मी कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत राहिले.

समोर पुन्हा पापाकुरा स्टेशन दिसलं तेव्हा मला कळलं. बस गोल फिरून परत आली होती. मी त्या बाईला विचारलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. बेल वाजवायची होतीस, असं ती अगदी मायेने म्हणाली.

मी तिथेच बाकावर बसून मैत्रिणीला फोन लावला. मागे गाडीचा आवाज येत होता.

"निघालो गं आम्ही," ती म्हणाली. "तू कुठे आहेस?"

"स्टेशनवर. पापाकुराच्या."

ती लेकाला काहीतरी म्हणाली, तोही काहीतरी म्हणाला, आणि ती पुन्हा फोनवर आली. "दोन मिनिटं वळव म्हटलं गाडी. हायवेला लागलोय म्हणतो. उशीर होतोय." मग अगदी हळू म्हणाली, "डबा घरी नेऊन तू खा हं वड्या. टाकू नकोस."

मी काय बोलले ते आता आठवत नाही. वड्या खाल्ल्या नाहीत. परत एकटीने जायचा धीर मात्र सरला होता. दोन ट्रेन समोरून गेल्या तरी मी उठले नाही. शेवटी लेकाला फोन केला.

तो मीटिंग सोडून आला. गर्दीची वेळ झाली होती, मोटरवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. मी पुढच्या सीटवर होते, मांडीवर भरलेला डबा. तो रागावलेला नव्हता, घाबरला होता. मग म्हणाला, "मला सांगायचं ना, आई."

"सांगितलं होतं रे," मी म्हटलं. "सगळ्यांना सांगितलं होतं."