मुंबईला गेलेली काकी

शिमग्यात मी नवरी असतो. मिशी तशीच, अंगावर नऊवारी आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत देवीची पालखी दारोदार नाचते आणि तिच्यापुढे मी लाजत-मुरडत चालतो. बायका हसून हसून पदराने डोळे पुसतात. या सोंगात माझा हात धरणारा आसपास कुणी नाही.

पालखी दारी आली की नारळ-तांदळाने देवीची ओटी भरायची आणि नाचणाऱ्यांपुढे काहीतरी खायला ठेवायचं. काही वर्षांमागे शेजारच्या काकीच्या दारी पालखी थांबली, तर दाराला कुलूप. तिच्या शेतातलं भात माघातच संपलं होतं, लेकाचं मुंबईतलं काम सुटलं होतं आणि रेशनवर महिना निघत नव्हता. दाराखालच्या फटीतून मला तिची पावलं दिसली. मागच्या दाराने आत शिरून गप्प उभी होती.

मी पदर सावरला आणि ठसक्यात सांगितलं, सासूबाई गेल्या मुंबईला लेकाकडे, मला एकटीला टाकून. वाडी खदखदून हसली. पालखी पुढे गेली.

देवळातली जेवणं उरकल्यावर मी तसाच, साडीत, पदराखाली ताट झाकून तिच्या मागच्या दारी गेलो. हाक मारली.

"मी मुंबयला हाय ना रे," काकी आतून म्हणाली.

वडे गरम आहेत, दार उघड, म्हणून मी विनवलं.

"ताट ने परत. रिकामं ताट कुनाला परत देतात काय? आन माज्याकडं त्यात घालाया काय हाय?" मग म्हणाली, "देवी चांगली नाचली काय रे?"

चांगली नाचली, म्हटलं. ताट घेऊन घरी आलो.

वाडीच्या लेखी काकी मुंबईत, त्यामुळे कुणाच्या घरची पोळी तिच्याकडे गेली नाही, कुणी चहाला बोलावलं नाही. ती दिवसाउजेडी बाहेर पडेनाशी झाली. गेल्या शिमग्याला तर आणखी तीन-चार दारांना कुलपं होती. प्रत्येक दारापुढे मी तेच सोंग केलं. कुणी हसलं नाही. सगळ्यांना कळत होतं.

पावसाळ्यात महाडच्या औद्योगिक वसाहतीतलं माझं कंत्राटी काम गेलं. आता पालखी आठवड्यावर आली. काल बायकोने विचारलं, आपलं कुलूप कुठं ठेवलंय. नऊवारीच्या ट्रंकेत सापडलं, किल्लीसकट.

आमच्या दारापुढे मुंबईची थाप मारायला मात्र कुणी नाही. ते काम माझंच होतं.