आईची सही

आईला दम लागतो. जिना चढताना ती मधेच थांबते, कठड्याला धरते आणि म्हणते, "रिम्मा, तू हो पुढे, मी खिडकीतून नदी बघते." त्या खिडकीतून नदी दिसत नाही, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. आठ महिने मी तिला घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतेय. कंटाळलेय मी, खोटं कशाला बोलू.

आईचं नाव तैसिया येगोरोव्हना. एकोणीस वर्षं ती इर्तिश नदीकाठच्या कारखान्यात होती. तिच्या नोकरीच्या पुस्तकात एवढंच आहे: कामगार, पोस्ट बॉक्स अमुक. गुप्त कारखान्यांना नाव नसायचं, नुसता पोस्ट बॉक्सचा नंबर. कुठल्या विभागात, कसलं काम, ते तिने घरात कधी सांगितलं नाही. बाबा ते न कळताच गेले. कामावर लागताना तिने गुपित राखायच्या कागदावर सही केली होती.

नव्या डॉक्टरीणबाई अयमान मात्र चिवट निघाल्या. फुप्फुसांचा फोटो उजेडाला धरून म्हणाल्या, "मावशी, आधी दिलेल्या क्षयाच्या गोळ्यांचा काही उपयोग नाही. तुमच्या कारखान्यात तीन धातू होते. तुमचा कुठला, ते कळल्याशिवाय मी औषध कसं देऊ?"

"कागदावर सही आहे," आई म्हणाली.

"अगं, ज्याने सही घेतली ते सरकार कधीच बुडालं!" माझा आवाज चढला.

"सरकार बुडालं. सही माझी आहे."

पालथ्या घड्यावर पाणी. ही बाई मरेल पण ताकास तूर लागू देणार नाही. डॉक्टरीणबाईंचं मन जरा मऊ व्हावं म्हणून मी म्हटलं, "अशीच आहे हो ती. विषारी कामाचं म्हणून रोज अर्धा लिटर दूध मिळायचं, तेसुद्धा स्वतः प्यायली नाही. माझ्यासाठी घरी आणायची."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "दूध कँटीनमध्येच प्यायचा नियम होता ना? मग बाहेर कसं आणायच्या?"

मीच हसून सांगितलं, "लपवून! कामाच्या सदऱ्यात, पोटाशी. तिकोनी पाकीट असायचं. आई दारात दिसली की मी ते हिसकावून घ्यायचे आणि कोपरा दातांनी..."

बोलता बोलता मीच थांबले.

"कामाच्या सदऱ्यात," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "रिम्मा, हल्ली खोकला येतो का तुम्हाला?"

येतो. हिवाळ्यापासून. मी थंडीला दोष देत होते.

आईने माझ्याकडे पाहिलं. चेहरा राखेसारखा झाला होता. मग तिने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बेरिलियम."

तो शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आणि एकदा सुटली ती थांबेना. "हिरवट दगड यायचे पोत्यांतून. पाचूचा गरीब भाऊ, म्हणायचो आम्ही. त्यातून तो धातू काढायचे. हातात घेतला तरी काही घेतल्यासारखं वाटायचं नाही, इतका हलका. पण पोलादापेक्षा ताठ. क्ष-किरण आरपार जातात त्यातून. अणुभट्टीला लागायचा, रॉकेटला लागायचा. आमच्याकडे त्याची भुकटी साच्यात दाबायचे. करडी, पिठासारखी मऊ. तोंडाला फडकं बांधायचो, पण सदऱ्यावर बसायचीच." तिला धाप लागली. मी पाणी दिलं, तिने पेला बाजूला सारला.

"पुरे, मावशी. झालं माझं काम," म्हणत डॉक्टरीणबाईंनी आईचा कागद पुढे ओढला.

"माझा नको. हिचा कागद घ्या आधी," आई म्हणाली. "आणि दूध मी आणलं, तेही लिहा. करते मी सही."