पंकजाने माघारी धाडलेली ट्रॉली

पंकजाचं डोकं सकाळपासनंच फिरलं होतं. मानवतच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकात ग्रेडर म्हणून, आलेल्या मालाची प्रत ठरवायला, उभं राहायचा तिचा पहिला दिवस, आणि पहिलाच ट्रॅक्टरवाला विचारतो, "बाई, साहेब कुठं हायेत?"

"मीच हाय साहेब. ताडपत्री काढा."

तो हसला. हसू दे मेल्याला!

डीएड करून चार वर्षं घरात बसली होती ही पोरगी. भरतीची वाट बघून जीव विटला, तेव्हा आईबरोबर जिनिंगात कवडी, म्हणजे डागी कापूस, वेचायला जाऊ लागली. आणि तिथं कापूस हातात आला की तिला कळायचंच. मूठ आवळून सोडायची. वाळलेला कापूस लगेच फुगतो, ओला गोळा होऊन बसतो. सरकी दाताखाली धरायची. कट्‌ वाजली तर बरी, चेपली तर पाणी मारलेलं. वजन वाढवायला पाणी मारतात आपले लोक, आणि वरनं देवाची शपथ घेतात! जुना ग्रेडर तिलाच गुपचूप विचारायचा आणि मालकापुढं स्वतःची अक्कल म्हणून सांगायचा. दोन हंगाम हेच. यंदा तो काम सोडून गेला, तेव्हा कुठं मालक बन्सीधरशेठला ही दिसली. "आठ दिवस बघतो," म्हणाले. एखाद्या गड्याला असे आठ दिवस लावले असते का?

बापानं, मुंजाजीनं, सकाळीच आदळआपट केली होती. "डीएड केलं ते फाटकात उभं राहायला? लोक काय म्हणतील?" लोक! पोरगी चार वर्षं घरात कुढत होती तेव्हा कुठं मेले होते हे लोक? जन्मात पहिल्यांदा तिला एक काम कुणी न शिकवता येत होतं, त्यात तिचा जीव रमत होता, पण हे त्याला सांगणार कोण?

आणि दुपारी त्याच बापाची ट्रॉली रांगेत! मुंजाजी खुशीत उतरला आणि चार जणांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आपलीच पोरगी हाय. बघायची काय गरज?"

पंकजा ट्रॉलीवर चढली. वरचा कापूस कोरडा होता. तिनं खांद्यापर्यंत हात खुपसला, खालची मूठ काढून आवळली, सोडली. गोळा तसाच राहिला. सरकी चावली, ती चेपली. तिच्या अंगाची नुसती आग झाली. सकाळी ज्या कामाला नावं ठेवली, त्याच कामाच्या जिवावर हा बाप पाणी मारून आला होता!

"अण्णा, खालचा माल ओला हाय. ट्रॉली माघारी घ्या."

"दव असंल गं."

"दव वरनं पडतं, अण्णा. खालनं न्हाई."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मुंजाजी लालबुंद झाला. "बापाची इज्जत काढायलीस व्हय?"

"मी न्हाई काढली. तुमीच ट्रॉलीत भरून आणली."

बन्सीधरशेठ लगबगीनं आले. "जाऊ दे पंकजा, घरचं माणूस हाय. एवढी एक आत घेऊ."

मग मात्र ती भडकली. "शेठ, ही आत गेली तर उद्या माझ्या शब्दाला कुत्रं तरी विचारील का? ही माघारी जाईल, न्हाईतर मी जाते. लवकर बोला, रांग खोळंबलीय."

शेठनी एकदा मुंजाजीकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग हातानं खूण केली, माघारी. मुंजाजीनं लेकीकडं न बघता ट्रॅक्टर वळवला. पंकजाला राग एवढा आला होता की रडायलासुद्धा जमेना.

"पुढची ट्रॉली!" ती ओरडली.

पुढचा ट्रॅक्टर हलला, पण फाटकाकडं आलाच नाही. गुपचूप वळून मुंजाजीच्या मागं निघाला. त्याच्या मागचाही वळला. त्याच्या मागचाही.

"अरे, सगळ्यांनीच मारलंय व्हय रे पाणी?" पंकजा किंचाळली.

एकानंही मागं वळून बघितलं नाही.