लाल गाडी आणि मागची खोली

आमच्या गॅरेजात त्यांना सगळे ठोकेकाका म्हणायचे. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा हा त्यांचा धंदा, त्यावरून नाव पडलं आणि ते त्यांनीही लावून घेतलं. मी तिथला रंगारी. त्यांचा हात फिरला की त्याच पत्र्यावर माझा फिरायचा, त्यामुळे आमचं रोजचं उठणं-बसणं.

काकांना एकच वेड होतं. एक जुनी, दोन माणसांची, लाल स्पोर्ट्स कार. जमिनीला टेकेल इतकी बुटकी, छत कापडाचं. चेंदामेंदा होऊन गॅरेजात आली, ज्याची होती तो पुन्हा फिरकला नाही, शेवटी गॅरेजच्या मालकांनी ती काकांना देऊन टाकली. हातातलं काम उरकलं की काका तिच्यात डोकं घालून बसत. अशी वर्षं गेली, आणि एक दिवस ती सुरू झाली. काकू म्हणायच्या, "सवत आणलीय मला. तीही लिपस्टिक लावलेली."

काकू कारखान्यात शर्टांच्या बाह्या शिवायच्या. दोघांनी जन्मात कुठे सहल म्हणून केली नव्हती. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली, काकूंची नोकरी संपली, तेव्हा त्याच म्हणाल्या, "पळतेय ना तुमची लाडकी? मग मला समुद्र दाखवा." हॉटेलात राहायचं नाही, ही अट. परक्या गादीवर त्यांचा डोळा लागत नसे.

मग काकांनी ट्रेलर बांधायला घेतला. गाडीमागे जोडायची, चाकांवरची खोलीच ती. आत एक पलंग, पायाशी कपाट, आणि मागचं दार वर उचललं की छोटंसं स्वयंपाकघर. पडदे काकूंनी शिवले. रंग मी दिला, गाडीचाच लाल.

मालकांनी एकदा चक्कर मारून बघितलं आणि म्हणाले, "ठोके, ही पळायला केलेली गाडी आहे. ओढायला नाही. अंगानं हलकी आहे, मागचं वजन तिला ढकलेल."

"सांभाळून नेईन."

"आणि पाण्याची टाकी पार मागे कशाला? पुढे घे, चाकांच्या पुढे."

काकांनाही ते कळत होतं. पण ओटा मागे होता आणि काकूंना पाणी हाताशी हवं होतं. काका त्यांना म्हणाले होते, "अगं, शेपटी जड होईल." त्यावर काकू म्हणाल्या, "मग काय बादल्या वाहू? ते तर घरीही करतेच की." काकांनी टाकी मागेच बसवली.

सकाळी निघाले तेव्हा सगळं गॅरेज फाटकात उभं होतं. काकूंनी डोक्याला रुमाल बांधला होता आणि त्या नवरीसारख्या लाजत होत्या.

घाट चढेपर्यंत सगळं ठीक होतं. उतारावर ट्रेलर डुलायला लागला. आधी थोडा, मग जास्त. काका पुढे मला म्हणाले, "कुणीतरी मागून गाडीची मान धरून हलवावी तसं." त्यांनी घाबरून करकचून ब्रेक दाबला. तेच नको होतं. ट्रेलरने गाडीला गर्रकन फिरवलं आणि ती काकूंच्या बाजूने कठड्यावर आदळली. जोड तुटून ट्रेलर गवतात आडवा झाला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. काकांच्या कपाळाला टाके पडले. काकूंचा कणा मोडला.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कमरेखाली आता काही हलणार नाही. काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं. मुलगी म्हणाली, "आईला मी नेते." काकू म्हणाल्या, "जावयाच्या हातून अंग पुसून घेऊ?" तो विषय तिथेच मिटला.

मालकांनी गॅरेजच्या मागच्या अंगणातली जागा दिली. काकांनी दुसऱ्या गाडीने ट्रेलर ओढून आणला, दार रुंद केलं, फळीचा उतार केला, आणि काकूंना त्यात ठेवलं. काकू पहिल्या दिवशी छताकडे बघत म्हणाल्या, "समुद्र दाखवतो म्हणालात, आणि आणून ठेवलंत कुठे, तर स्वतःच्याच कामावर." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

पुढे थट्टाही बंद झाली. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि काका छतावर ओली पोती टाकायचे. ठोकाठोक सुरू असताना मध्येच हातोडा ठेवून आत जायचे, काकूंना कुशीवर वळवायचे, चादर बदलायचे, पुन्हा येऊन हातोडा उचलायचे. तरी पाठीला जखमा झाल्याच. काकू भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणू लागल्या. बाहेरच्या पत्र्याच्या आवाजाने त्यांचं डोकं उठायचं. कधीकधी त्या ओरडायच्या, "बंद करा ते!" मग काका हातोड्याला फडकं गुंडाळून ठोकायचे, आणि काम दुप्पट लांबायचं.

एका दुपारी मी खिडकीच्या चौकटीला रंग देत होतो. आतून काकूंचा आवाज आला. "टाकी मागे ठेवा असं मीच म्हटलं होतं."

"बसवली मी."

"मालकांनी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंत, की मालकही नको म्हणतात?"

काका म्हणाले, "तू निघायचं रद्द करशील असं वाटलं."

मी ब्रश तसाच हातात धरून तिथून निघालो. त्यानंतर काकू त्यांच्यावर कधी ओरडल्या नाहीत, आणि मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटायचं. पाणी हवं असलं तरी "जरा पाणी द्याल का," असं पाहुण्याला म्हणावं तसं म्हणायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात जखमांमधून विष अंगात भिनलं. ताप उतरेना. काकांनी मुलीला बोलावून घेतलं. ती पोचली तेव्हा काकू शुद्धीवर होत्या. तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ह्यांचं जेवणाकडे लक्ष नसतं, तेवढं बघ." काका पलंगाच्या पायथ्याशीच उभे होते, पण काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळच्या आत त्या गेल्या.

मुलगी काकांना आपल्याकडे घेऊन गेली. जाताना त्यांनी हातोडे मला देऊ केले. मी म्हटलं, "रंगाऱ्याला काय उपयोग?" तर म्हणाले, "मग राहू दे इथेच कुठेतरी." मुलीच्या घराजवळ एक गॅरेज आहे, पण ते तिकडे फिरकत नाहीत म्हणे.

मी अधूनमधून फोन करतो. "जेवलात का?" विचारलं की म्हणतात, "वाढलं की जेवतो." मग गॅरेजात कोण कोण आहे ते विचारतात. मी सांगत जातो आणि पलीकडून नुसतं "बरं, बरं" ऐकू येतं. परवा मी मध्येच विचारलं, "काका, ऐकताय ना?"

"ऐकतोय," ते म्हणाले. "तू बोल."