ऑपरेशन म्हणजे रजा

पित्ताशयात खडे आहेत, पित्ताशय काढावंच लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला आनंद झाला. चेहऱ्यावर दिसेल इतका झाला. शेजारी बसलेल्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "तू हसतेयस?"

मी हसतच होते. डॉक्टर भुलीबद्दल, टाक्यांबद्दल, नंतरच्या पथ्याबद्दल बोलत होते आणि त्यातलं एकच वाक्य माझ्या कानात शिरलं होतं. काही आठवडे कामाचं नावही काढायचं नाही. पोटात कळा येत होत्या, उलट्या होऊन घसा सोलवटला होता, आणि मी मनात म्हणत होते, चला, सुटले.

बाहेर आल्यावर नवऱ्याने रिक्षा थांबवली. तो सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर आहे. ठरल्या वेळी जातो, ठरल्या वेळी येतो, आणि मोजकं बोलतो. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "माणूस ऑपरेशनला खूश होतो, म्हणजे दुखणं पोटात नाही." मी रस्त्याकडे बघत राहिले.

आम्ही लग्नानंतर कोल्हापूरहून बेंगळुरूला आलो. घर जयनगरला, नवऱ्याच्या संस्थेची बस जिथे थांबते तिथे. माझं ऑफिस हेब्बाळला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. हॉस्पिटलांची बिलं ज्या सॉफ्टवेअरवर निघतात ते सांभाळायचं आमचं काम. पेशंटला घरी सोडायचं असेल आणि बिल निघत नसेल, तर फोन आमच्याकडे यायचा. सुरुवातीची वर्षं मला हे काम आवडायचं. अडलेलं बिल सुटलं की कुठेतरी कुणीतरी घरी जायला निघालं असेल, असं डोळ्यांपुढे यायचं.

आमच्या टीमचा प्रमुख इथलाच मराठी माणूस होता. त्याच्या घराण्याचं चिकपेटमध्ये कापडाचं दुकान, कित्येक पिढ्या इथेच गेलेल्या. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत कन्नड असं मुरलेलं की कुठलं काय ते त्यांनाही सांगता यायचं नाही. सगळं ऑफिस एकमेकांना नावाने हाक मारायचं. मी मात्र पहिल्या आठवड्यातच या प्रमुखांना अण्णा म्हणायला लागले आणि ते मला अक्का म्हणायला लागले, मी त्यांच्याहून लहान असूनही. दुपारी जेवताना आम्ही मराठीत बोलायचो. "अक्का, तुमच्या कोल्हापूरचं मराठी स्वल्प तिखट आहे," असं ते म्हणायचे. दिवसभरात मला तेवढंच स्वतःसारखं बोलता यायचं.

मग एका सकाळी आमच्यातल्या निम्म्या लोकांना एकेक करून खोलीत बोलावलं आणि दुपारपर्यंत त्यांची ओळखपत्रं काढून घेतली. उरलेल्यांना वाटलं, आपण वाचलो. दुसऱ्या दिवसापासून कळायला लागलं की माणसं गेली, काम मात्र सगळं इथेच राहिलं आहे. अण्णांच्याही वरच्या बाई दुसऱ्या शहरातून व्हिडिओवर यायच्या. त्या म्हणाल्या, आता छोटी टीम, पण जास्त चपळ. अण्णांनी विचारलं, गेलेल्यांचं काम कोण करणार? त्या म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तर तुम्हाला ठेवलं."

अण्णांनी तो विश्वास फार मनावर घेतला. कोणावर ओझं पडतंय असं दिसलं की ते म्हणायचे, "सरी," म्हणजे बरं, "ते माझ्याकडे द्या." त्यांच्याकडे किती साचलं होतं हे कुणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याकडेही तेवढंच साचलेलं होतं. आम्ही मराठीत बोलायचं कधी बंद केलं, ते मला आठवत नाही. जेवण आपापल्या टेबलावर सुरू झालं होतं.

माझ्या बाबतीत काय होत गेलं ते मला फार उशिरा समजलं. आधी वाटलं, थकवा आहे. रविवार झोपून काढला की जाईल. मग रविवारीही सकाळपासून सोमवारची धास्ती बसायला लागली. घरी नवरा काही सांगायचा आणि माझ्या चेहऱ्यावर ऐकल्यासारखे भाव असायचे, पण आत काही पोचायचं नाही. आंघोळ करताना फोन वाजल्यासारखा वाटायचा. बाहेर येऊन बघावं तर काही नाही. बहिणीने फोनवर तिच्या बाळाचं बोलणं ऐकवलं आणि मी "हो, छान" म्हणून फोन ठेवून दिला. पूर्वी मी अशा वेळी हसून हसून बेजार झाले असते. सगळ्यात वाईट म्हणजे, अडलेल्या बिलामागे माणूस असतो हे मला दिसेनासं झालं. एका हॉस्पिटलमधली बाई फोनवर रडत होती, त्यांच्याकडे पेशंटचे नातेवाईक भांडायला उठले होते. मी आवाज बंद करून जांभई दिली.

कंपनीला हे अगदीच दिसत नव्हतं असं नाही. एक दिवस ताणतणावावर मार्गदर्शन ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांना हजेरी सक्तीची. एक हसतमुख माणूस खोल श्वास घ्यायला सांगत होता आणि आम्ही टेबलाखाली मांडीवर लॅपटॉप उघडून मेसेजना उत्तरं देत होतो. मान वर करून पाहिलं तर अण्णा भिंतीला टेकून उभे होते. डोळे मिटलेले. मला वाटलं, हे तरी मनापासून करतायत. ते झोपले होते, उभ्या उभ्या.

त्यानंतर माझी पोटदुखी आणि ते ऑपरेशन.

हॉस्पिटलमधले दिवस मला आजही सुखाचे वाटतात, हे सांगायला विचित्र वाटतं. टाके ओढायचे, शिंक आली की जीव जायचा, पण फोन नवऱ्याने घरी ठेवला होता. खिडकीतून एक पांगाऱ्याचं झाड दिसायचं. मी ते तासन्‌तास बघायचे आणि मनात काहीही यायचं नाही.

एका दुपारी अण्णा भेटायला आले. हातात मोसंब्यांची पिशवी. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. अण्णा भेटीला आलेल्यांसाठी असते त्या खुर्चीत बसले. शर्टाची कॉलर आता सैल होती, दाढी अर्धवट केलेली.

"बऱ्या आहात ना, अक्का?"

"बरी आहे. तुम्ही कसे आहात?"

"आहे." मग म्हणाले, "मला विचारायला पाठवलंय. तुम्ही कधी येणार. घरून तरी स्वल्प काही करता येईल का. विचारू नये, पण विचारतो."

मी डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगायला लागले. एवढे आठवडे तरी जड उचलायचं नाही, फार वेळ बसायचं नाही, असं काहीतरी. बोलता बोलता लक्षात आलं की समोरून हुंकार येत नाही. अण्णांची मान बाजूला कलली होती, तोंड थोडं उघडं होतं, पिशवी मांडीवरून घसरून मोसंबी जमिनीवर गेली होती. मी त्यांना उठवलं नाही. नवरा आला, त्याने बघितलं, मोसंबी गोळा केली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मग रक्तदाब बघायला नर्स आली. एकदा खाटेकडे, एकदा खुर्चीकडे बघून तिने हिंदीत विचारलं, "पेशंट कौन है?"

अण्णा जागे झाले ते दचकून. पहिल्यांदा खिशातला फोन काढला, मग मी कुठे आहे ते बघितलं. "माफ करा," ते म्हणाले. "घरी झोप येत नाही. इथे शांत होतं." जाताना दारात थांबले. "तुम्ही लवकर येऊ नका," एवढंच बोलून गेले.

मी कामावर परत गेले तेव्हा आमच्यातले आणखी काही जण नोकरी सोडून गेले होते. नवी माणसं येत आणि काम समजायच्या आत जात. त्यांना शिकवायला कुणाकडे वेळ नव्हता. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे काय बिघडतं आणि कसं सावरायचं, हे फक्त अण्णांच्या डोक्यात होतं. वरच्या बाईंनाही ते माहीत होतं, आणि त्यांना त्यात धोका दिसण्याऐवजी निर्धास्तपणा दिसत होता.

मग एका सकाळी मीटिंगमध्ये अण्णा बोलत होते. वाक्याच्या मध्ये थांबले. आम्हाला वाटलं, शब्द शोधतायत. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, अनोळखी लोकांकडे बघावं तसं, मग उठले आणि बाहेर गेले. लॅपटॉप उघडा, फोन टेबलावर, पाण्याची बाटली तशीच. दुपारपर्यंत आले नाहीत. त्यांच्या पत्नीला फोन केला तर तीही घाबरली. शेवटी ती आणि मी शोधायला निघालो. हेब्बाळच्या तलावाकाठी ते एका बाकावर बसलेले सापडले, भर उन्हात. पत्नीने हात धरून "चला घरी" म्हटलं तर मुकाट्याने उठले. माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, मला पुढचा शब्दच येईना."

ते परत आले नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. मेंदूत काही बिघाड निघाला नाही. हा अतिश्रमाचा, साचलेल्या ताणाचा परिणाम आहे, वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही, असं म्हणाले.

त्यांच्यानंतर ऑफिसात जे झालं ते होणारच होतं. एका मोठ्या हॉस्पिटल समूहाची बिलं अडकली. बरे झालेले पेशंट घरी जाता येत नाही म्हणून खाटांवर बसून राहिले, आणि ज्यांना खाट हवी होती ते बाहेर ताटकळले. आम्ही सगळे मिळून जे हुडकत होतो ते अण्णा चहा पिता पिता सांगायचे. त्या समूहाने आमच्याशी काम थांबवायची नोटीस दिली. तेव्हा वरच्या बाईंनी पहिल्यांदा मला एकटीला फोन केला. आवाज नरम होता, आणि थकलेलाही. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी होतंच. त्या म्हणाल्या, "तुमचं त्यांच्याशी चांगलं आहे. फक्त काही दिवस येऊन समजावून सांगायला तयार होतील का, विचाराल?"

मी गेले. निरोप पोचवायला गेले की नुसतं भेटायला, हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. चिकपेटच्या गल्लीत दुकान, आत गादीवर त्यांचा धाकटा भाऊ गिऱ्हाईक करत होता आणि अण्णा मागे भिंतीशी बसले होते. अंगाने थोडे भरले होते. मला बघून खरंच आनंदले. त्यांच्या पत्नीने कॉफी आणून दिली. ती आता रोज त्यांच्याबरोबर दुकानात येऊन बसायची.

मी इकडचं तिकडचं बोलले. शेवटी ऑफिसात काय झालंय ते सांगितलं आणि म्हणाले, "त्यांनी विचारायला सांगितलंय. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. मला तर 'नाही'च ऐकायचंय."

अण्णांनी कॉफी खाली ठेवली. ते आठवायला लागले. मला दिसत होतं, ते मनापासून आठवत होते. कपाळावर घाम आला. समोर एक बाई साडीचा काठ बोटांनी चाचपत होती, तिच्याकडे बघत त्यांनी एकदोन वेळा ओठ हलवले.

"नाही आठवत, अक्का," ते म्हणाले. "मी लपवत नाहीये. रागानेही नाही. तिथे काही नाहीच."

"राहू दे, अण्णा."

"एवढी वर्षं होतं ना ते माझ्याकडे?"

"होतं," मी म्हणाले.

पत्नीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याबरोबर दुकानाच्या पायरीपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "परत विचारू नका हं. तुम्ही गेल्यावर आज दिवसभर तेच आठवत बसतील."

मी बाईंना फोन करून सांगितलं की त्यांना आठवत नाही. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे यायचं नाही म्हणतायत?" मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

तो समूह गेला, पाठोपाठ आणखी काही हॉस्पिटलं गेली आणि हेब्बाळची आमची टीम बंद झाली. मी त्याआधीच राजीनामा दिला होता. नवऱ्याने एकदाच विचारलं, पुढे काय. मी म्हणाले, झोप. त्यानंतर बरेच महिने मी दुसरं काही केलं नाही. आता घराजवळच्या एका छोट्या संस्थेत अर्धा दिवस जाते. बहिणीच्या बाळाचं बोलणं ऐकून परवा हसू आलं, तेही थोडं, आणि मग मी ते पुन्हा येतंय का म्हणून वाट बघत बसले. सलग वाचन अजून जमत नाही. चार पानांनंतर ओळी नुसत्याच डोळ्यांखालून जातात.