जोडलेले हात

रोज सकाळी चूळ भरायच्या आधी मी दोनशेच्या वर माणसांना फूल पाठवायचो. फुलाचं चित्र, खाली 'शुभ सकाळ'. मग कुणी बघितलं, कुणी अंगठा दाखवला, ते बघत अंथरुणातच बसायचो.

फौजेतून हवालदार होऊन आलो तेव्हा वाटलं होतं, आष्ट्याजवळच्या आमच्या मळ्यात ऊस बघत दिवस मजेत जातील. पण गेल्या वर्षी बायको नातू सांभाळायला लेकीकडे पुण्याला गेली आणि घरात मी आणि फोन, असे दोघंच उरलो. भाकरी फोन बघत खायची. ताट रिकामं व्हायचं आणि जेवल्याचं काही आठवायचं नाही. अशी सवय दारूची असती तर गावानं नावं तरी ठेवली असती.

आषाढात पावसानं ताण दिला म्हणून उसाला पाणी सोडलं होतं. त्या आठवड्यात मोटारीला दिवसा लाईट होती. एक सरी भरली की बांध फोडून पाणी दुसऱ्या सरीला वळवायचं, म्हणजे दारं धरायची, एवढंच काम. मी बांधावर बसून कुणा अनोळखी माणसाचं भांडण फोनमध्ये बघत होतो. मान वर केली तेव्हा पाणी शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये घुसलं होतं आणि तो स्वतः फावड्यानं माझा बांध घालत होता. तो शिव्या देईल म्हणून मी उभा राहिलो. त्यानं माझ्याकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं, आणि फावडं खांद्यावर टाकून निघून गेला. फौजेत मी पोरांना पहाऱ्यावर नजर कशी ठेवायची ते शिकवायचो. लाज वाटली, आणि तिचा रागही आला.

त्याच संध्याकाळी सिम काढून जुन्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. मोठा फोन माझ्या काळ्या ट्रंकेत, वर्दीच्या घडीखाली ठेवला आणि कुलूप लावलं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बघू किती दिवस टिकताय."

पहिले दोन-तीन दिवस हात सारखा खिशाकडे जायचा. दूध उतू जातंय आणि मी रिकामा खिसा चाचपतोय, असं चाललेलं. खरा त्रास मात्र वेगळाच होता. मी वाट बघत होतो. फूल आलं नाही म्हणून कुणीतरी विचारेल, बटणाच्या फोनवर तरी करेल, असं मला वाटत होतं. दोनशे माणसं! आठ दिवसांत बायको सोडून एकाचाही फोन आला नाही. आपण नसलो तर कुणाचं काही अडत नाही, हे मला त्या आठवड्यात नीट कळलं आणि मी फार एकटा पडलो.

नवव्या दिवशी दुपारी दारात दहिवडीकडचा माझा फौजेतला जोडीदार उभा. खांद्यावर घोंगडं, धोतराला धूळ. माण तालुक्यात त्याची मेंढरं आहेत. दोन गाड्या बदलून आलेला. माझ्या एकाही फुलाला त्यानं कधी उत्तर दिलं नव्हतं. शेवटचे भेटलो त्याला तीन वर्षं झाली होती.

"हाईस व्हय रं?" म्हणाला आणि पायरीवरच बसला. "आठ दिस झालं, फूल न्हाई. म्हटलं गडी गेला का काय."

"फोन करायचा की गड्या."

"केला असता. पर दुसऱ्याच कुणी उचलला असता तर?"

मी उठलो. चहा ठेवला. म्हटलं, "वहिनींना पण आणायचं हुतंस."

त्यानं माझ्याकडे चमकून बघितलं. "ती न्हाई का माघात गेली?"

"आरं, मला कळवलं न्हाईस?"

"पोरानं आपल्या पलटणीच्या ग्रुपवर टाकलं हुतं की," तो साधेपणानं म्हणाला. "तू हात जोडलं हुतंस. पोरानं दावलं मला."

त्या ग्रुपवर आठवड्याला कुणी ना कुणी जातं. हार घातलेला फोटो दिसला की माझा अंगठा हात जोडून पुढे जायचा. पठाणकोटला त्यांच्या क्वार्टरमध्ये, मी तापातून उठलो तेव्हा, महिनाभर जिच्या हातचं खाल्लं, तिचा चेहरा मी बोटानं वर सरकवला होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फूल पाठवलं होतं.

"मी बघितलं न्हाई," मी म्हणालो. "हात जोडलं, पर बघितलं न्हाई."

तो रागावला नाही. घोंगडं मांडीवर घेऊन त्याच्या दशा सारख्या करत राहिला. "ग्रुपवर समद्यांनीच जोडलं," म्हणाला. "आलं कुणीच न्हाई."

चहा उकळून आटत आला होता. मी गॅस बंद केला आणि त्याच्याजवळ पायरीवर जाऊन बसलो.

"कशानं गेली? सगळं सांग."

"लय येळ लागंल," तो म्हणाला.